सरदारीणबाई बाकावरच आहेत

रॉइस टिलरींची नक्कल करायला अगदी सोपी. आधी घसा साफ करायचा, पण पुरता नाही, बंद पडलेल्या मोटारीला पहिला झटका द्यावा तेवढाच: ख्र्हं. मग दोन्ही हात पाठीमागे न्यायचे आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायचं, जणू सोडलं तर पळून जाईल. मान किंचित खाली. आणि मग एकेक शब्द जपून टेबलावर ठेवल्यासारखा ठेवायचा: "तर... बाईसाहेब... पुलाची साखळी काय म्हणते?"

कपडे बदलायच्या खोलीत मी हे केलं की मुली पोट धरून हसायच्या. एकदा तर रेनाटाच्या नाकातून सरबत आलं. शाळेत मी मुख्याध्यापकांची, बसवाल्याची, पाद्रीबुवांची आणि त्यांच्या बायकोची नक्कल करायचे. शेवटच्या दोघांची भांडणासकट. त्याच जोरावर अठराव्या वर्षी मला ब्रायरमिअर या करमणुकीच्या पार्कात राजकन्येचं काम मिळालं. फ्लोरिडाच्या आमच्या भागात पोरं एकतर संत्र्यांच्या बागेत कामाला जातात नाहीतर कुठल्यातरी पार्कात. बागा आता रोगाने गेल्या, त्यामुळे उरले पार्क.

"मी राजकन्या मेरिवेनचं काम करते" असं मात्र आमच्यात कुणी म्हणत नाही. "मी मेरिवेनची मैत्रीण आहे" असं म्हणायचं. मेरिवेन एकच. तिच्या मैत्रिणी चार, एका उंचीच्या, एकाच रंगाच्या केसांचा टोप घालणाऱ्या. एक गेली, दुसरी आली, तरी मेरिवेन तीच. ती बदकं पाळते, नासपतीखेरीज काही खात नाही आणि किल्ल्याच्या ओढपुलाशेजारी एका झोपडीत राहते. फोन, मोटार, दवाखाना, यातलं तिला काही ठाऊक नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की भेटायला आलेल्याने स्वतःच्या तोंडाने जे सांगितलं तेवढंच तिला माहीत असतं.

दर आठवड्याला येणाऱ्यांसाठी आमची एक वही होती. पोराच्या पडलेल्या दातापासून सगळं त्यात लिहायचं, म्हणजे पुढच्या मैत्रिणीला "नवा दात आला का रे?" असं विचारता येतं. मी मार्चमध्ये लागले तेव्हा वहीत किर्बीच्या अक्षरातलं एक पान होतं. किर्बी म्हणजे माझ्या आधीची मंगळवारची मैत्रीण. ती जानेवारीत कॉलेजला निघून गेली होती. तिने लिहिलं होतं:

"मंगळवार, अकरा. रॉइस टिलरी. 'सरदार' म्हणा. पंपवाले आहेत. पुलाच्या साखळीचा सल्ला विचारा. हात कधीही लावत नाहीत, काळजी नको. बायको नोरीन, तिला 'सरदारीणबाई' म्हणा. गुडघ्यांमुळे रांगेत उभी राहत नाही, लाह्यांच्या गाडीजवळच्या बाकावर बसते. तिची चौकशी करा. कराच! निघताना तिच्यासाठी एक नासपती."

नासपती म्हणजे पुठ्ठ्याची, हिरवी, मागे मेरिवेनचा शिक्का. ती आम्ही लहान पोरांना देतो.

मोठ्या पुरुषांबद्दल सांगायचं तर ते येतात, आणि खूप येतात. पोरीला पुढे ढकलून फोटो काढतात, पोरगी बदकांकडे पळते, आणि हे तिथेच रेंगाळतात. ब्यूफोर्ड नावाचा एक ट्रकवाला होता, दाढी छातीपर्यंत, दंडावर मगर गोंदवलेली. "पोरीसाठी काढतोय फोटो," म्हणायचा. पोरगी सव्वीस वर्षांची, ओहायोत नर्स. मी त्याला लवून मुजरा केला की त्याचे कान असे लाल व्हायचे की मगरसुद्धा लाजली असेल! काही माणसं वाईट असतात, त्यांच्यासाठी दाराशी पहारेकरी अर्ल उभा असतो. पण बहुतेकांना काय हवं असतं माहितीये? कुणीतरी डोळे मोठे करून विचारावं, "तुम्ही एवढ्या लांबून आलात? माझ्यासाठी?" घरी असं कोण विचारतं? घरी विचारतात, "पेट्रोल भरलंस का?"

टिलरींना मात्र असलं निमित्त लागायचं नाही. सरळ एकटे रांगेत उभे राहायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पुढे-मागे चार-चार वर्षांच्या पोरी मुकुट घालून. कुणी आई पोरीला जवळ ओढून घ्यायची. त्यांना ते दिसायचं. ते अर्धं पाऊल मागे सरायचे आणि हात पाठीमागे न्यायचे. मनगट धरायची सवय तिथली.

चाळीस वर्षं त्यांनी संत्र्यांच्या बागांचे पंप दुरुस्त केले. बागा संपल्यावर पोहण्याच्या तलावांचे. नोरीन शाळेच्या खाणावळीत वाढायची. मूलबाळ नाही. पाच वर्षांपूर्वी भाचीची पोरं घेऊन दोघं पार्कात आली. पोरं राजकन्येला बघून भोकाड पसरून रडायला लागली, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून टिलरी बोलले, "पुलाची साखळी करकरते हो तुमची." तेव्हाच्या मेरिवेनने टाळ्या वाजवल्या. "कुणीतरी सांगाच मला, काय करू?"

आणि त्यांनी सांगितलं. सगळं. बाहेर रांग लागलेली, आत हे साखळीच्या कड्याबद्दल बोलतायत. बाहेर येऊन नोरीनला म्हणाले, "तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं गं."

पुढच्या वाढदिवसाला नोरीनने वर्षाचा पास हातात ठेवला. "जा! तुझी राजकन्या ताटकळली असेल." आणि बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या नवऱ्याचं दुसरीकडे आहे बरं का. एकोणीस वर्षांची आहे, बदकं पाळते." हे मला लाह्यांच्या गाडीवरच्या मिस इलुमिनाडाने सांगितलं, पण ते नंतर.

पहिल्याच मंगळवारी मी विचारलं, "सरदार, ते ग्रीस का काय म्हणतात, ते आमच्या राज्यात मिळत नाही. मग साखळीला लावू तरी काय?"

"ख्र्हं. मेण, बाईसाहेब. आणि डुकराची चरबी. निम्मं निम्मं."

"करून बघितलंत?"

"बघितलं. घरच्या पंपाला लावलं. दोन दिवस कुरकुरला, मग गप्प."

"आणि वास?"

"वास... आहे. शेजारचा कुत्रा तेव्हापासून पंपापाशीच बसतो."

मी हसले, मेरिवेनचं नव्हे, माझंच. त्यांनी मान वळवली, पण कान हसत होते. आता गंमत अशी की पुलाची करकर खरी नव्हतीच. झुडपात स्पीकर होता, दर नव्वद सेकंदांनी तो करकरायचा. आयुष्यभर यंत्रांचे आवाज ऐकलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशीच कळलं असणार. तरी घरी जाऊन चरबी वितळवली.

मग मी वहीबरहुकूम विचारायचे, "आणि सरदारीणबाई?"

"बाकावरच आहेत, बाईसाहेब. पर्सची राखण करतायत."

दर वेळी हेच वाक्य. मी नासपती द्यायचे, ते दोन्ही हातांनी घ्यायचे, खिशात पेनाशेजारी ठेवायचे. आणि खोलीत आल्यावर मी डाव्या हाताने उजवं मनगट धरायचे. "ख्र्हं. पर्सची... राखण... करतायत." हशा.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी मी हा हशा पिकवला, टोप उतरवला आणि लाह्या घ्यायला बाहेर आले. बाकावर टिलरी बसले होते. एकटे. शेजारी सरबताचे दोन पेले. एक अर्धा झालेला, दुसऱ्याला हात लावलेला नाही, वरचा बर्फ वितळून पाण्याचा वेगळा थर आलेला. दोन पेल्यांच्या मधे मी मघाशी दिलेली नासपती. टोपाशिवाय त्यांनी मला ओळखणं शक्यच नव्हतं, आणि बघतही नव्हते कुठे.

"सरदारीण... म्हणजे त्यांची बायको कुठे आहे?" मी मिस इलुमिनाडाला विचारलं.

"नोरीन? अगं, ती फेब्रुवारीतच गेली. झोपेत. सकाळी हाक मारली तर..." तिने लाह्यांत डाव फिरवला. "तरी दोन पेले घेतात. पहिल्यांदा मी म्हटलं, मिस्टर टिलरी, एकच भरू ना? तर म्हणाले, तिला तहान लागते उन्हात. तेव्हापासून मी तोंड बंद ठेवते. दोन भरते."

"पण ते मला म्हणाले, बाकावर आहे म्हणून."

"मग? आहेच की," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

लाह्या न घेताच मी परतले. पंधरा मिनिटांपूर्वी मी त्या वाक्यावर टाळ्या घेतल्या होत्या.

आठवडाभर मी एकच विचार केला, आणि तो चुकीचा केला. मला वाटलं, बिचारे लाजरे. सांगायचं कसं ते त्यांना कळत नाही, आणि मी दर मंगळवारी विचारून त्यांना खोटं बोलायला लावते. आपण त्यांची सुटका करू. केवढी दयाळू मी!

पुढच्या मंगळवारी ते आले. नवा शर्ट. "ख्र्हं. तर, बाईसाहेब, साखळी काय म्हणते?"

मेरिवेनचा आवाज वर, छताजवळ टांगलेला असतो. मी तो सोडून दिला आणि माझा काढला, शेंगदाणे उकडून विकणाऱ्यांच्या घरातला, आमच्या रस्त्यावरचा.

"मिस्टर टिलरी," मी म्हटलं, "मला कळलं. नोरीनबद्दल. फार वाईट वाटलं. आता माझ्यासाठी तुम्हाला दर वेळी तसं सांगायला नको."

झुडपातला स्पीकर करकरला.

त्यांचे हात पाठीमागून सुटले. मी ते पहिल्यांदाच नीट पाहिले, मोठे, डाव्या करंगळीचं टोक गेलेलं. त्या हातांचं काय करायचं ते त्यांना समजेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला स्पष्ट दिसलं की त्यांना काय दिसतंय. कपाळावर टोपाची कड. गालावर घामाने फुटलेली पावडर. कुणाची तरी पोरगी.

"तुला कुणी सांगितलं, पोरी?"

इतके दिवस 'आपण' आणि 'बाईसाहेब' होतं. 'पोरी' म्हणताना आवाजात राग मुळीच नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"लाह्यांच्या गाडीवर..."

"हं. चांगली बाई आहे ती." मग विचारलं, "नाव काय तुझं?"

"डेलेनी."

"कुठली?"

"कोबर्न क्रॉसिंगची."

"तिथल्या निम्म्या विहिरींना पंप मी बसवलेत." हे ते पेट्रोलपंपावर भेटलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलले. "चांगल्या मनाने बोललीस. वाईट वाटून घेऊ नकोस हं."

मी नासपती पुढे केली. त्यांनी ती माझ्याकडेच परत सरकवली. माझ्या हाताला न शिवता, फक्त पुठ्ठ्याचं टोक धरून. "राहू दे. पोरांना लागतील."

जाताना ते नेहमी दारात वळून मान लववायचे. त्या दिवशी विसरले.

मी रेनाटाला सांगितलं तेव्हा ती केस विंचरत होती. फणी तशीच केसांत राहिली.

"अगं शहाणे! ती गेली हे त्यांना माहीत नव्हतं का? शेजाऱ्यांना माहीत, चर्चला माहीत, बँकेला माहीत. रोज कुणी ना कुणी हात धरून वाईट वाटलं म्हणत असेल. एकटी मेरिवेन तेवढी राहिली होती जिला माहीत नव्हतं. तिला कशाला सांगितलंस?"

"मी मेरिवेनला कुठे सांगितलं? मी त्यांना..."

"तेच ते," रेनाटा म्हणाली.

पुढचा मंगळवार आला, गेला. त्याच्या पुढचाही. अकरा वाजले की मी दाराकडे बघायचे. एकदा इस्त्रीचा शर्ट दिसला, पण तो दुसराच कुणी, पोरीचा फुगा धरून उभा. खोलीत मुली म्हणाल्या, "डेल, सरदार करून दाखव ना!" मी म्हटलं, घसा बसलाय.

मग जूनअखेरीस वहीत गुरुवारच्या मैत्रिणीच्या, रेनाटाच्या अक्षरात चार ओळी दिसल्या. "गुरुवार, अकरा. सरदार रॉइस. आता गुरुवारी येणार. साखळीला मेण-चरबी चालू ठेवा म्हणाले. सरदारीणबाई बाकावर. नासपती दिली."

मी त्या ओळींवरून बोट फिरवलं. बाकावर. म्हणजे मी तिला पुरतं घालवलं नव्हतं, दुसऱ्या वाराला ती होती अजून. मला हायसं वाटलं. आणि मंगळवारची अकराची वेळ आतून रिकामी झाली ती झालीच.

पुढचे दोन गुरुवार वहीत तेच. बाकावर. नासपती दिली.

तिसऱ्या गुरुवारी सकाळी रेनाटाचं पोट बिघडलं. बाकीच्या दोघींपैकी एक आजीकडे, एकीचा फोन लागेना. मला बोलावणं आलं. मी मुकादमाला म्हटलं, अकराची वेळ सोडून द्या, मी बाराला उभी राहते. तो म्हणाला, "बाहेर साठ माणसं आहेत, राजकन्ये."

तेव्हा मी आरशासमोर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला हसवायचं नसताना नक्कल बसवली. रेनाटाची मेरिवेन. ती नाव घेण्याआधी बारीक श्वास घेते, जणू ते नाव गरम आहे. डाव्या पायावर भार टाकून उभी राहते. वाक्याच्या शेवटी नाकातल्या नाकात हसते. माझी मेरिवेन घाईची, पुढे झुकणारी, तिची सावकाश. वीस मिनिटांत मी तिची मान घेतली, तिचे हात घेतले, तिचा आवाज घेतला. कपाळावरची कड दिसू नये म्हणून पावडर दोनदा लावली.

अकराला अर्लने दार उघडलं. "सरदार रॉइस आलेत!"

ते आत आले. दोन पावलांवर थांबले. टोप तोच, पोशाख तोच. मी डाव्या पायावर उभी. बारीक श्वास.

"सरदार," मी रेनाटाच्या गळ्याने म्हटलं, "साखळी आता अगदी शहाण्यासारखी वागते हं." आणि नाकातलं हसू.

ते बघत राहिले. पंपाला कान लावून ऐकणारा माणूस. स्पीकर करकरला, खरं तर ती साखळी मला खोटं पाडत होती. मग हळूच हात पाठीमागे गेले. डाव्याने उजवं मनगट धरलं.

"ख्र्हं. शहाणी होतेच... वेळ दिला की, बाईसाहेब."

बाईसाहेब! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मेरिवेनला रडायची परवानगी नाही. मी बदकांकडे बघितलं. आता पुढचं विचारायचं होतं. न विचारणं म्हणजे मला माहीत आहे असं पुन्हा सांगणं. आणि विचारलं तर? बारीक श्वास घेतला. ते नाव खरंच गरम होतं.

"आणि सरदारीणबाई?"

त्यांनी तोंड उघडलं. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं, मला ते पाठ होतं, मी ते शंभरदा म्हटलं होतं. पर्सची राखण करतायत. पण ते बाहेर आलं नाही. त्यांनी खालचा ओठ आत ओढला, सोडला. माझ्याकडे नव्हे, पावडर दोनदा लावलेल्या कपाळाकडे पाहिलं.

"आज... घरीच राहिल्या, बाईसाहेब," ते म्हणाले. "ऊन फार आहे."

"हो," मी म्हटलं. "फारच आहे."

मी नासपती दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, शिक्का बघितला, पेनाशेजारी ठेवली. "नेऊन देतो." आणि दारात वळून त्यांनी मान लववली, नेहमीपेक्षा खाली, बराच वेळ. मागची चिमुरडी आईला म्हणाली, "आई, हे आजोबा अडकले का?"

त्यानंतर ते आले नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांचा पास संपला.

पण त्या दिवशी मला ते ठाऊक नव्हतं. काम संपल्यावर मी वही उघडली. पुढच्या गुरुवारी रेनाटा असणार, तिला कळायला हवं. "सरदार रॉइस आले. साखळी ठीक," एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. 'बाकावर' लिहिणं खोटं होतं. 'बाकावर नाही' लिहायला हात होईना. शेवटी त्यांचेच शब्द लिहिले. "सरदारीणबाई घरी. ऊन फार. नासपती दिली."

बाहेर आले तर बाक रिकामा. मिस इलुमिनाडाने मला बघून गाडीवरचा एक पेला पुढे सरकवला.

"हे तूच पी. मी सवयीने दोन भरले, पण आज त्यांनी एकच घेतला. उभ्यानेच प्यायले आणि गेले."

"दुसऱ्याचं काही म्हणाले?"

"नको म्हणाले. बस्, एवढंच."

मी पेल्याला हात लावला नाही. तिनेही तो उचलला नाही. गिऱ्हाइकं येत गेली, ती लाह्या भरत गेली, आणि बर्फ वितळून वर पाण्याचा वेगळा थर येईपर्यंत तो पेला गाडीच्या कडेला तसाच उभा होता.